आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्रोन्स रुग्णाचा आहार : पेण व रोहा परिसरातील अन्नपद्धतीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

'पथ्य' हा शब्द आपल्याकडे बहुधा नकारार्थी वापरला जातो. अमुक खाऊ नये, तमुक वर्ज्य करावे, यालाच पथ्य समजण्याची रीत पडली आहे. मूळ संस्कृत शब्दाचा आशय मात्र मार्गाला धरून असलेले, हितकर असलेले, असा आहे. हा अर्थभेद केवळ भाषिक नाही. क्रोन्स या आजारात लहान आतड्याचा काही भाग शस्त्रक्रियेने काढून टाकलेला रुग्ण घरी परततो, तेव्हा आप्तेष्टांच्या सल्ल्याने त्याच्या ताटातून एकेक पदार्थ कमी होऊ लागतो. प्रथम तिखट जाते, मग डाळ, मग दूध, मग मासे, मग भाज्या. शेवटी मऊ भात आणि वरणाचे पाणी एवढेच उरते. आधीच आजाराने खंगलेल्या, शोषणाची क्षमता घटलेल्या शरीराला हे पथ्य कुपोषणाकडे नेते. या रुग्णाला खाण्यापासून जेवढा धोका असतो, त्याहून अधिक धोका न खाण्यापासून असतो, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांसमोर मांडण्यास आणखी एक कारण आहे. क्रोन्स आजाराची सुरुवात बहुसंख्य रुग्णांत साधारणपणे १५ ते ३५ या वयात होते. म्हणजे आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि नव्याने सेवेत आलेल्या सहकाऱ्यांच्या वयात. वारंवार गैरहजर राहणारा, वजन घटलेला, तासाच्या मध्येच उठून जाणारा विद्यार्थी आळशीच असतो असे नाही. पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांची अन्नपद्धती समोर ठेवून हे विवेचन केले आहे. कारण आहारविषयक पाश्चात्त्य पुस्तिकांत ओट्स, टोस्ट आणि सफरचंदाचा सॉस यांची चर्चा असते, वालाच्या बिरड्याची नसते. लेखातील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून प्रत्येक रुग्णाने आपल्या शल्यचिकित्सकाचा व आहारतज्ज्ञाचा सल्ला प्रमाण मानणे आवश्यक आहे.

आजाराचे स्वरूप :

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी १९३२ साली लहान आतड्याच्या अखेरच्या भागातील दीर्घकालीन दाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेल्याने आजाराला क्रोन यांचे नाव चिकटले, असे सांगितले जाते. त्यापूर्वी १९१३ मध्ये ग्लासगो येथील शल्यचिकित्सक केनेडी डॅलझिएल यांनी तशाच रुग्णांची नोंद केली होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्यावर जून १९५६ मध्ये याच आजारामुळे आतड्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. शस्त्रक्रियेनंतर माणूस कामाचा राहत नाही असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्याच्या भित्तिकेवरच उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाचा कोणताही भाग बाधित होऊ शकतो. परंतु लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे इलियम, आणि त्याला लागून असलेला मोठ्या आतड्याचा आरंभ येथे तो विशेषत्वाने आढळतो. दाह भित्तिकेच्या सर्व थरांत पसरत असल्यामुळे आतडे जाड होऊन अरुंद बनते, कधी त्याला छिद्र पडते, कधी शेजारच्या अवयवाशी नलिकावजा मार्ग तयार होतो. अशा वेळी शस्त्रक्रिया करावी लागते. अनुवंशिकता, आतड्यातील सूक्ष्मजीव, धूम्रपान आणि बदललेला आहार यांचा यात संबंध असल्याचे मानले जाते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह २१ देशांतील एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात, कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ अधिक खाणाऱ्यांत दाहजन्य आंत्रविकारांचे प्रमाण अधिक दिसून आले.

भारतात हा आजार दीर्घकाळ पाश्चात्त्यांचा समजला गेला. त्यामागे एक ठोस कारण होते. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अद्यापही आढळतो आणि तोही नेमका त्याच ठिकाणी, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर होतो. ताप, वजन घटणे, पोटदुखी, अरुंद झालेले आतडे ही लक्षणे दोहोंत समान असतात. सूक्ष्मदर्शकाखालीही कधी कधी फरक करता येत नाही. त्यामुळे अनेक रुग्णांना प्रथम क्षयरोगाची औषधे दिली जातात आणि दोन-तीन महिन्यांत आतड्यातील व्रण भरले नाहीत तर क्रोन्सचे निदान पुढे येते. ही वैद्यांची चूक नव्हे. येथील परिस्थितीत ती पुष्कळदा निदानाचीच एक पायरी असते. रुग्णाच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की शस्त्रक्रियेपर्यंत पोचताना तो बहुधा वर्ष-दोन वर्षे अर्धपोटी राहिलेला असतो. ग्रामीण भागात अशा जुनाट अतिसाराला 'संग्रहणी' म्हणून स्वस्थ बसण्याची प्रवृत्ती आहे, त्यामुळेही काळ जातो.

शस्त्रक्रियेनंतरचे वास्तव :

बाधित आतडे काढले म्हणजे आजार मुळासकट गेला, असा समज रुग्ण आणि नातेवाईक दोघांचाही असतो. तो खरा नाही. बेल्जियममधील लुव्हेन येथील रुटगीर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिले की पुढील औषधे न घेणाऱ्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत वर्षभराच्या आत जोडाच्या जागी पुन्हा व्रण दिसू लागतात. त्या वेळी बहुतेकांना कोणताही त्रास जाणवत नसतो. म्हणजे बरे वाटणे आणि बरे असणे यांत येथे अंतर आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी दुर्बिणीतून तपासणी करून त्यानुसार औषधे वाढविल्यास पुनरुद्भव कमी होतो, असे आढळले.

रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेली सर्वांत परिणामकारक गोष्ट आहारात नसून धूम्रपान सोडण्यात आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. घरातील मंडळी मिरचीवरून वाद घालतात आणि विडीकडे काणाडोळा करतात, हे चित्र विपरीत आहे.

आतड्याचा कोणता भाग गेला? :

आहाराचा विचार खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो. 'शस्त्रक्रिया झाली आहे' एवढ्या माहितीवर आहार ठरविता येत नाही. कोणता भाग काढला, किती सेंटीमीटर काढला, किती शिल्लक राहिला आणि मोठे आतडे जोडलेले आहे की पोटावर कृत्रिम मार्ग, म्हणजे स्टोमा, ठेवला आहे, या चार गोष्टी रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर नोंदवून घेतल्या पाहिजेत. नातेवाईकांनी त्या विचारून घेणे अगत्याचे आहे. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना त्याच कागदाची गरज लागते.

लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते, जरी व्यक्तिपरत्वे त्यात बराच फरक आढळतो. कर्बोदके, प्रथिने, लोह व बहुतेक जीवनसत्त्वे यांचे शोषण वरच्या भागांत होते, त्यामुळे इलियमचा तुकडा काढल्यावरही ती बहुतांशी शोषली जातात. परंतु दोन कामे अशी आहेत की जी इलियमच्या अखेरच्या भागाखेरीज अन्य कोठेही पुरेशी होऊ शकत नाहीत. एक, ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण. दुसरे, पित्तक्षार परत घेण्याचे.

ब-१२ विषयी महाराष्ट्रात अधिक जागरूकता हवी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय अशा तिन्ही गटांतील पुरुष तपासले गेले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ ची पातळी कमी होती. ही निरोगी माणसांची स्थिती. शाकाहारी कुटुंबातील व्यक्तीचा साठा मुळातच तोकडा, त्यात इलियम गेले, तर कमतरता लवकर उघड होते. साधारणतः २० सेंटीमीटरहून अधिक इलियम काढल्यास धोका निर्माण होतो आणि ६० सेंटीमीटरहून अधिक गेल्यास ही कमतरता जवळजवळ अटळ मानली जाते. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा, जीभ लाल होणे ही तिची लक्षणे होत. येथे आहाराने भागत नाही हे स्पष्टपणे सांगावे लागेल. दूध, अंडी, मासे कितीही खाल्ले तरी शोषणाची जागाच उरलेली नसते. ठरावीक अंतराने आयुष्यभर इंजेक्शन घेणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. रक्तक्षय दिसला म्हणून केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत राहिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

पित्तक्षारांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. यकृतातून आलेल्या पित्तक्षारांपैकी सुमारे ९५ टक्के क्षार इलियममधून परत शोषले जाऊन यकृताकडे जातात. इलियमचा थोडा भाग गेला असेल, तर न शोषलेले क्षार मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथे पाणी सुटून जेवणानंतर लगेच पातळ जुलाब होतात. पुष्कळ रुग्ण हा आजाराचाच उलट समजून घाबरतात व अन्न आणखी कमी करतात. वास्तविक त्यावर पित्तक्षार बांधून ठेवणारी कोलेस्टिरामीनसारखी औषधे आहेत. मात्र ती अन्य औषधांपासून काही तासांच्या अंतराने घ्यावी लागतात. याउलट, सुमारे १०० सेंटीमीटरहून अधिक इलियम गेले असेल, तर यकृत नवे क्षार पुरेसे तयार करू शकत नाही. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, मल तेलकट, दुर्गंधीयुक्त व तरंगणारा होतो, आणि अ, ड, ई, के ही स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वे वाया जातात. अशा रुग्णाला कोलेस्टिरामीन दिल्यास स्थिती बिघडते. लक्षण एकच, जुलाब. पण कापलेल्या लांबीनुसार उपाय परस्परविरुद्ध. म्हणूनच वर सेंटीमीटरचा आग्रह धरला आहे.

याच प्रक्रियेचा एक अनपेक्षित परिणाम मूत्रपिंडावर होतो. आहारातील कॅल्शियम एरवी आतड्यातच ऑक्झॅलेटशी संयोग पावून मलावाटे निघून जाते. न पचलेले स्निग्धाम्ल कॅल्शियमला पकडून ठेवू लागले की ऑक्झॅलेट मोकळे राहते, मोठ्या आतड्यातून रक्तात शिरते आणि मुतखडे होतात. ज्याचे मोठे आतडे शाबूत आहे त्यालाच हा धोका. कोकणातील ताटात ऑक्झॅलेटची मोठी ठिकाणे म्हणजे अळू, पालक, माठ आणि दिवसातून चार-पाच वेळा होणारा चहा. अळूचे फदफदे कायमचे सोडा असे सांगण्याचे कारण नाही. परंतु ते क्वचित, थोडे, आणि जेवणात दही किंवा ताक ठेवून घ्यावे, म्हणजे कॅल्शियम त्याच वेळी आतड्यात हजर असते. मुतखड्याच्या भीतीने कॅल्शियमच बंद करणे हा सर्वस्वी उलटा उपाय ठरतो.

पहिले काही आठवडे :

जोड भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, चोथा कमी असलेला मऊ आहार दिला जातो. या बाबतीत कोकणातील घरे मुळातच सज्ज आहेत. तांदळाची पेज, मऊ भात, मुगाच्या सालविरहित डाळीचे वरण, तांदळाचे घावन, उकडलेला बटाटा, दुध्या किंवा पडवळ बिया काढून शिजवलेला, मऊ शिजवलेले अंडे, काटे काढलेला सुरमई किंवा पापलेटचा तुकडा, ताक. यात बाहेरून आणावे असे काही नाही. दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे आतड्याला सोयीचे पडते.

पेज उत्तम असली तरी तिच्यात प्रथिने अत्यल्प असतात, हे विसरले जाते. जखम भरून येण्यासाठी व गेलेले स्नायू परत मिळविण्यासाठी या काळात शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांची आवश्यकता असते. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीस ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यातून सहा-सात ग्रॅम मिळतात, वाटीभर घट्ट वरणातून जेमतेम तेवढेच. पेजेवर दिवस काढणाऱ्या रुग्णाला ही बेरीज एकदा कागदावर करून दाखवावी.

सहा आठवडे संपल्यावर पुढे काय, हे बहुधा कोणी सांगत नाही आणि तात्पुरता आहार कायमचा होऊन बसतो. आतडे अरुंद झालेले नसेल तर तंतुमय पदार्थ हळूहळू परत आणले पाहिजेत. दीर्घकाळ ते टाळणाऱ्यांना लाभ होतो असे दिसून आलेले नाही. उलट आतड्यातील उपयुक्त सूक्ष्मजीवांचे ते अन्न होय. एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, आणि त्याची वहीत नोंद, ही पद्धत साधी व विश्वसनीय आहे.

परिसरातील अन्नपदार्थ :

पेण-रोह्याचे वैशिष्ट्य म्हणावे असे पहिले धान्य म्हणजे कडवे वाल. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर येणारे हे कडधान्य रायगडकरांच्या जिव्हाळ्याचे. कडधान्य म्हणजे वात, वात म्हणजे पोटदुखी, या तर्काने वाल प्रथम बाद केले जातात. परंतु बिरडे करण्याची पारंपरिक रीत बारकाईने पाहिली तर तिच्यात आहारशास्त्र दडलेले आढळते. वाल भिजत घालतात, मोड आणतात, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलतात. भिजवण्याने व मोड आणण्याने वायू निर्माण करणाऱ्या शर्करांचे प्रमाण घटते, आणि सोलण्याने न पचणारी जाड साल निघून जाते. उरते ती मऊ, प्रथिनयुक्त डाळिंबी. आहारतज्ज्ञ शाकाहारी रुग्णाला जे सांगू इच्छितात, ते येथील गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. अर्थात पहिल्या महिन्यात नव्हे. नंतर दोन चमच्यांपासून आरंभ करून, खोबऱ्याचे वाटण कमी ठेवून बिरडे घेता येते. थंडीतील पोपटीचे मात्र तसे नाही. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेल्या वालाच्या शेंगा सालीसकट चघळल्या जातात. रुग्णाने पोपटीतील अंडे व बटाटा घ्यावा, कोवळे दाणे सोलून खावेत आणि शेंगेची साल टाकून द्यावी. त्याने पोपटीच्या रात्री घरी बसण्याचे काही कारण नाही.

नारळाबाबत दोन समज दुरुस्त करावे लागतील. खवलेल्या खोबऱ्याचा चोथा अरुंद आतड्यात किंवा स्टोमाच्या तोंडाशी अडकू शकतो, म्हणून अशा रुग्णाने खोबऱ्याऐवजी नारळाचा रस वापरावा. सोलकढी त्या दृष्टीने अधिक सोयीची. दुसरा समज असा की खोबरेल तेल पित्ताशिवाय पचते. मध्यम शृंखलेची स्निग्धाम्ले पित्तक्षारांवाचून शोषली जातात हे खरे आहे, पण खोबरेल तेलात अशा खऱ्या अर्थाने आखूड घटकांचा वाटा थोडा असतो. त्यातील जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असून त्याचे शोषण बरेचसे इतर तेलांप्रमाणेच होते. औषधी दुकानात मिळणारे तेल आणि घाण्यावरचे खोबरेल एक नव्हेत.

मासे हे या भागातील सर्वांत सुलभ प्रथिन. खाडीतील ताज्या मासळीखेरीज पावसाळ्याच्या बेगमीला ठेवलेले सुके बोंबील वजनाच्या शेकडा साठच्या आसपास प्रथिने देतात. त्यांचे मीठ धुवून, काटा काढून, मऊ शिजवून घेतल्यास हरकत नाही. कवचासह खाल्ला जाणारा सुका जवळा मात्र अरुंद आतड्याला जड जातो. तो भाजून बारीक पूड करून वापरावा. मत्स्यतेलाच्या महागड्या गोळ्यांबाबत एवढे सांगणे पुरे की क्रोन्स आजार उलटू नये म्हणून त्यांची मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात त्यांचा लाभ दिसला नाही. हळदीचेही तसेच. फ्रान्समध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर कर्क्युमिनची चाचणी झाली; २०२० च्या अहवालानुसार ते निरुपद्रवी गोळीपेक्षा सरस ठरले नाही. आमटीतली हळद खुशाल असावी, औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये.

दुधाविषयी सरसकट नियम करता येत नाही. दुग्धशर्करा न पचण्याचे प्रमाण भारतात, विशेषतः दक्षिणेकडे, बरेच आहे. परंतु दह्यात व ताकात ती कमी होते. ग्रहणीच्या विकारात आयुर्वेदाने ताकाला दिलेले महत्त्व प्रसिद्धच आहे. ग्रहणी म्हणजे क्रोन्स असे समीकरण मांडणे योग्य होणार नाही, पण ताक टिकवावे हा सल्ला आजही ग्राह्य ठरतो, कारण स्टिरॉइडचे उपचार झालेल्या रुग्णाची हाडे ठिसूळ होत असतात. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तिचा कोंडा वस्त्रगाळ करून केलेले आंबील भाकरीपेक्षा आधी सुरू करता येते.

पावसाळ्यात पेण-रोह्याच्या बाजारात आदिवासी भगिनी टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळे अशा रानभाज्या आणतात. कोवळा टाकळा चांगला शिजवून थोडा खाण्यास प्रत्यवाय नाही. शेवळ्याने घशाला खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. काकडे घालून ती मारण्याची युक्ती जुनी असली तरी ऑक्झॅलेटचा प्रश्न असलेल्या रुग्णाने ही भाजी टाळलेलीच बरी. फणसाचे गरे, मक्याचे दाणे, करवंदे ही तंतू, साल व बियांमुळे अडकण्याचा संभव असलेली फळे होत. पिकलेल्या आंब्याचा रस वाटीभर, चाळून, चालतो. पेणचा पोह्याचा पापड भाजून एखादा खाल्ल्याने आजवर कोणाचा आजार उलटल्याचे ऐकिवात नाही. खाण्यातला आनंद हाही भूक परत आणण्याचा मार्ग आहे.

उपवास हा नाजूक विषय आहे. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार असे महिन्याचे पाच-सहा दिवस शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि चहा यांवर काढणे या रुग्णाला परवडणारे नाही. साबुदाणा निव्वळ पिष्ट आहे आणि कूट ऑक्झॅलेट व स्निग्धांश वाढवते. आजारी माणसाला उपवासातून सूट देण्याची मुभा आपल्या परंपरेतच आहे. घरातील ज्येष्ठांनी ती स्वतःहून द्यावी.

पाणी आणि मीठ :

ज्याच्या पोटावर इलियमचा स्टोमा आहे, त्याचे शरीर मोठ्या आतड्याच्या पाणी व मीठ शोषण्याच्या सेवेला मुकलेले असते. अशा रुग्णाला तहान लागली की सगळे जण साधे पाणी, नारळपाणी, सरबत पाजतात. त्याने तहान भागत नाही, उलट वाढते. कारण मीठ कमी असलेले द्रव लहान आतड्यात गेले की शरीरातील सोडियम आतड्यात ओढले जाते आणि पिशवी अधिक भरते. दिवसाला दीड लिटरहून अधिक द्रव पिशवीत येऊ लागल्यास हा धोक्याचा इशारा समजावा.

उपाय मिठाचा आहे. साखर व मीठ योग्य प्रमाणात एकत्र असतील तर आतडे दोन्ही एकाच वेळी आत घेते आणि पाणी त्यांच्यामागून जाते. या तत्त्वाचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष वापर १९७१ साली डॉ. दिलीप महालनोबिस यांनी बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रुग्णांवर केला. दुकानात मिळणाऱ्या जलसंजीवनीच्या पुडीत २००२ नंतर सोडियमचे प्रमाण लिटरला ७५ मिलिमोल ठेवलेले आहे. जुलाबाच्या मुलांसाठी ते योग्य असले तरी जास्त प्रवाहाच्या स्टोमाला ते अपुरे पडते. त्यासाठी लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाचे मिश्रण वापरले जाते : एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. ते घोटघोट, दिवसभर घ्यायचे असते. साध्या पाण्याला मात्र मर्यादा. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याविना हे करू नये.

पेणच्या खारेपाटात मिठागरांची परंपरा जुनी आहे, आणि त्याच खारेपाटातील गावांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई सोसावी लागते. स्टोमा असलेल्या व्यक्तीला एप्रिल-मे महिन्यांत अशा गावात राहणे म्हणजे दुहेरी संकट आहे. पाणी उकळून साठविणे आणि मिश्रणाचे कोरडे पदार्थ आधीच मोजून पुड्या बांधून ठेवणे, एवढी तयारी होळीपूर्वीच करावी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर पावसाळ्यातील गढूळ पाण्याबाबतही हीच दक्षता लागते.

औषधे आणि तपासण्या :

आहार हा औषधाला पूरक आहे, पर्याय नाही. ॲझाथायोप्रिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी रक्तातील पेशींची मोजणी ठरल्या वेळी करावी. आशियाई लोकांत आढळणाऱ्या एका जनुकीय भेदामुळे पांढऱ्या पेशी एकाएकी घटण्याचा संभव असतो. इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी अनिवार्य आहे. सांधेदुखीवर दुकानातून स्वतःच घेतलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आजार चेतवू शकतात.

व्यवहाराच्या दृष्टीने कामांची विभागणी करता येते. ब-१२ चे इंजेक्शन, रक्ततपासणी, वजनाची नोंद ही कामे पेण व रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांत किंवा कुटुंबाच्या डॉक्टरांकडे होऊ शकतात. दुर्बिणीची तपासणी व औषधबदल यांसाठी मुंबई गाठावी लागते. पोट फुगणे, उलट्या आणि वायू व मल दोन्ही बंद होणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास मात्र आतडे अडल्याची शक्यता असते. अशा वेळी तोंडावाटे काहीही न देता तत्काळ शल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. घरगुती काढ्यात रात्र घालवू नये.

महाविद्यालयाच्या आवारात :

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये गणलेल्या २१ प्रकारांत दाहजन्य आंत्रविकारांचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे अशा विद्यार्थ्याला मिळणारी सवलत बहुतेक वेळा प्राचार्य व परीक्षा विभाग यांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते. त्याच्या गरजा खर्चिक नाहीत. दाराजवळचे आसन, परवानगी न मागता स्वच्छतागृहात जाण्याची मुभा, पाणी व कडी असलेले एक तरी स्वच्छतागृह, आणि परीक्षा कक्षात द्रावणाची बाटली ठेवण्याची अनुमती. पेणहून किंवा कोलाडच्या आतल्या गावांतून एस. टी. ने येणारा विद्यार्थी वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून सकाळी उपाशी निघतो आणि दुपारी दोनपर्यंत काही खात नाही. पहिल्या तासाला झालेल्या उशिराची सवलत दिली तर तो घरून खाऊन निघू शकतो. कॅन्टीनमध्ये वडा-मिसळीच्या जोडीला साधा वरणभात व ताक ठेवले तर त्याचे दुपारचे जेवण वेळेवर होते. शस्त्रक्रियेसाठी व तपासण्यांसाठी बुडालेले दिवस वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे वर्षाच्या आरंभीच नोंदवून घेतल्यास, सत्राच्या अखेरीस उपस्थितीच्या यादीत त्याचे नाव लागण्याचा प्रसंग टळतो.